दाताच्या खुर्चीची भीती

दाढ ठणकू लागली की आपल्याकडील सुशिक्षित माणूस प्रथम लवंगेचे तेल शोधतो, मग वेदनाशामक गोळी, आणि गाल सुजून डोळा मिटू लागला म्हणजे दंतवैद्याचा दरवाजा. रजा नव्हती, परीक्षा होत्या, अशी कारणे तो सांगतो. खरे कारण भीती हे असते. पण साठ मुलांचा वर्ग धाकात ठेवणाऱ्या शिक्षकाने आपण सुईला घाबरतो असे म्हणावे कसे? म्हटलेच, तर घरचे हसतात; क्वचित डॉक्टरही हसतात.

ही थट्टा महागात पडते. किडलेला दात वेळीच भरला तर काम थोडक्यात आटोपते. टाळला तर मुळाशी पू साचतो, आणि एखाद्या दुर्दैवी रुग्णाच्या बाबतीत तो संसर्ग मानेत उतरून श्वास कोंडतो.

वास्तविक भुलेचे शास्त्रच मुळी दंतवैद्यांच्या हातून पुढे आले. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली. पुढे बोस्टनमधील त्याचा प्रयोग फसला आणि त्याची हेटाळणी झाली. पण १८४६ मध्ये त्याच शहरात ईथरचा यशस्वी प्रयोग करणारा विल्यम मॉर्टन हाही दंतवैद्यच होता.

हिरडीत सुई टोचून जागा बधिर केली की वेदना जाते, भीती जात नाही. तिच्यासाठी गुंगीचे उपाय निराळे आहेत. प्राणवायूत मिसळलेला हास्यवायू नाकावरील मुखवट्यातून दिला असता रुग्ण जागा राहतो, बोलतो, पण धास्ती ओसरते. वायू बंद करून प्राणवायू दिला की काही मिनिटांत तो पूर्ववत होतो. गोळीचा परिणाम अधिक रेंगाळतो. सोबतीशिवाय घरी जाता येत नाही, वाहन चालविणे तर दूरच. शिरेतून दिलेल्या मिडाझोलामने पुष्कळदा घडल्या प्रकाराची आठवणही उरत नाही. पूर्ण भूल हा शेवटचा मार्ग.

परंतु गुंगी आणि गाढ बेशुद्धी यांतील सीमारेषा पुसट आहे, आणि ती ओलांडली गेल्यास श्वास मंदावतो. दातांसाठी दिलेल्या भुलेत मृत्यू घडल्यानंतर ब्रिटनने २००१ च्या अखेरीस अशी पूर्ण भूल रुग्णालयाबाहेर देणे बंद केले. म्हणून शिरेतून औषध घेणाऱ्याने विचारावे : डॉक्टर दातांत गुंतले असताना नाडी व प्राणवायू यांवर लक्ष कोण ठेवणार? उत्तर अडखळत आले तर खुशाल उठून यावे. घोरण्याचा, दम्याचा विकार असेल तर तोही न लपवता सांगावा.

अर्थात प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. पुष्कळांची भीती वेदनेपेक्षा असहायतेची असते. डावा हात वर करताच यंत्र थांबेल, एवढा करार आधी झाला आणि तो डॉक्टरांनी पाळला, तरी निम्मे काम होते. याला खर्च शून्य आहे.

हास्यवायूला मात्र खर्च येतो, आणि तो आज बहुतांशी खासगी दवाखान्याची पायरी चढू शकणाऱ्यांनाच परवडतो. सरकारी व पालिकेच्या दंत महाविद्यालयांत पहाटेपासून रांग लावणाऱ्या माणसाची छाती काही निराळ्या धातूची नसते. त्याच्या केसपेपरवर ‘भीती वाटते का?’ हा एक रकाना छापावयास कोणाची हरकत आहे?