बंदुकीचा भुर्दंड कोणावर?
गौताळा अभयारण्यालगतच्या मक्यात रानडुकरे शिरली की शेतकऱ्याला बंदूक आठवते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पीकरक्षणासाठी प्रथम वाट्याला येते ती ठासणीची बंदूक. दुसरा बार भरेपर्यंत जखमी डुक्कर अंगावर येते! ती अपुरी पडते हे अधिकाऱ्यास पटवावे, तेव्हा कोठे एकनळी बारा बोअर मिळणार. छर्ऱ्याचे काडतूस काढून एकगोळीचे घातले की पाखरापासून डुकरापर्यंत तीच पुरते, हा झाला जुन्या शिकाऱ्यांचा हिशेब. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संपविला. आज पीक नासणारे डुक्कर मारण्यासही वनखात्याची परवानगी लागते. मग मोजक्या रात्रींसाठी कोरडवाहू शेतकऱ्याने भांडवल का अडकवावे? परवानाधारक नेमबाज शासनानेच पुरवावेत. वैजापूरकडील काळविटांवर मात्र तोही उपाय नाही. तेथे वेळेवर भरपाईच हवी.