स्लॅब ओला आहे, साहेब

साताऱ्याच्या आमच्या घरामागे एक शेड आहे. शेड म्हणायची सवय, एरवी वर चांगला काँक्रीटचा स्लॅब आहे. आत बाबांची स्कूटर आणि आईचं शिलाई मशीन. दर पावसाळ्यात छत गळायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी वर डांबरी मेंब्रेन टाकायचं ठरवलं. 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब रोल. खालची बाजू गॅसच्या बर्नरने तापवत, उलगडत चिकटवायची. म्हटलं, वीकेंडचं काम!

मे महिना संपत आला होता. गुरुवारी रात्री वळवाचा पाऊस झाला. शनिवारी मिस्त्री आले, स्लॅबवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, स्लॅब ओला आहे. दोन-तीन कडक उन्हं लागू देत."

मी काय म्हणालो असेन? "सोमवारी ऑफिस आहे हो, उद्या संपवा."

त्यांनी संपवलं. बर्नर फिरवून वरचं ओल घालवलं, प्रायमर मारला, तो धड वाळायच्या आत रोल अंथरला. काळंकुळकुळीत, गुळगुळीत छत. मी फोटो काढून पुण्याला परतलो.

गोची अशी, की आगीने फक्त वरचा थर वाळतो. आतल्या ओलीची उन्हाने वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि मेंब्रेनला फुगे येतात. आमच्याकडे आले. जुलैत एका फुग्यावर पाय पडला, तो फाटला. पाणी शिरलं एका कोपऱ्यात आणि टपकलं भलतीकडेच, थेट शिलाई मशीनवर.

आता खरं सांगा, अशा वेळी आपण काय म्हणतो? "हे लोक असलंच काम करतात." मीही म्हणालो. आई शांतपणे म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलं होतं ना?"

चपराक बसली. कारण रिलीजची तारीख आधी ठरवणाऱ्या आणि टेस्टिंगचे दिवस कापणाऱ्या मॅनेजरला रोज शिव्या घालणारा मीच! शनिवारी त्या छतावर तो मॅनेजर मी होतो. फरक एवढाच, की माझा बग सोमवारी पॅच होतो. मिस्त्रींचं मात्र नाव खराब होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनाच बोलावलं. आधी माफी मागितली, मग तीन दिवस रजा टाकली. त्यांनी जुनं खरवडलं, स्लॅबवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी खाली थेंब नाहीत म्हटल्यावरच प्रायमर. तो पूर्ण वाळल्यावर रोल. कठड्याच्या कोपऱ्यात आधी सिमेंटची गोलाई, म्हणजे शीट काटकोनात मोडत नाही. सांध्यावर 10 सेंटिमीटर शीट एकमेकींवर, कडेने वितळलेल्या डांबराची रेघ दिसेपर्यंत. शेवटी पाणी तुंबवून 24 तास वाट बघितली.

बर्नरचं काम त्यातलं जेमतेम अर्धा दिवस. बाकी सगळं वाट बघणं. आणि आपण भाव करताना नेमके हेच दिवस कापतो.

माझं मत विचाराल तर दर, ब्रँड, वॉरंटीचा कागद हे सगळं नंतर. आधी मिस्त्रींना विचारा, "तुम्हाला किती दिवस लागतील?" आणि उत्तर आलं की गप्प बसा.

असो. यंदाचा पावसाळा कोरडा गेला. म्हणजे शेडमध्ये!