वाटाण्याएवढी ग्रंथी

डोक्याला मार बसून महिने लोटले, खोक भरून आली, मेंदूचे चित्रही निर्दोष निघाले, तरी ज्याची ग्लानी, विस्मृती आणि औदासीन्य हटत नाही, त्याची तक्रार ‘मनाचे खेळ’ या सदरात दाखल करून मोकळे होण्याचा शिरस्ता आता तरी तहकूब व्हावा. कवटीच्या तळाशी, शरीरशास्त्रज्ञ ज्याला तुर्की खोगीर म्हणतात त्या खोबणीत, नाजूक देठाला लोंबणारी पीयूषिका ग्रंथी धक्क्याने दुखावली, म्हणजे तिच्या हुकमतीखालील संप्रेरके आटतात आणि लक्षणे बहुधा हीच दिसतात. सिएटल येथील अमेरिकी संशोधकांनी २०१२ साली स्फोटाचे हादरे सोसलेले २६ माजी सैनिक तपासले. पैकी ११ जणांत संप्रेरकांचे प्रमाण बिघडलेले आढळले. संख्या अल्प, हे कबूल. परंतु याच ग्रंथीच्या हुकमतीखालील कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळच्या रक्तात मोजणे काही खर्चाची बाब नव्हे, आणि उणीव शाबीत झाल्यास ती औषधाने भरून काढता येते.