आधी घर पाहावे, मग बाजार

दिवाळीचा बोनस हातात पडण्यापूर्वीच तो कोठे खर्च व्हावयाचा याचा निकाल घरात लागलेला असतो, असा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. कपडे, फराळाचे सामान, एखादे भांडे, गॅलरीतला आकाशकंदील ही यादी अजून चालू आहेच. पण ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या दोन-तीन खोल्यांच्या घरांतून तीत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे संगणकाचे ग्राफिक कार्ड. मुले ते मागतात, आई "त्याने नक्की होते तरी काय?" असे विचारते, आणि वडील किंमत ऐकून गप्प बसतात. या गप्प बसण्यातून पुष्कळ गैरसमज होतात, म्हणून यंदा या सदरात त्याचाच विचार करू.

संगणकाचा प्रोसेसर हा एखाद्या कचेरीतल्या हुशार हेडक्लार्कसारखा असतो. कितीही अवघड प्रकरण द्या, तो ते निकालात काढतो. पण एका वेळी मोजकीच. उलट फुल एचडी पडद्यावरचे एक चित्र म्हणजे २० लाखांवर ठिपके, आणि खेळात ते सेकंदाला साठ वेळाही बदलावे लागतात. येथे हुशारी नको, माणसे हवीत. ग्राफिक कार्ड म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी करणाऱ्या शेकडो-हजारो कारकुनांची कचेरी, आणि कार्डावरची मेमरी म्हणजे त्यांची टेबले. टेबल लहान असले की कागद मावत नाहीत आणि काम खोळंबते.

आता ही कचेरी प्रत्येक घराला लागतेच असे नाही. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, शाळेचे प्रकल्प, यूट्यूब एवढ्यासाठी बहुतेक प्रोसेसरांत अंगचीच असलेली सोय पुरेशी आहे. यंत्र मंद चालते म्हणून कार्ड आणावे, तर अनेकदा दोषी निघते ती जुनी हार्ड डिस्क किंवा तोकडी रॅम. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ठेवावा, रोजचे काम करावे आणि कोणता आकडा शंभराला टेकतो ते पाहावे. डिस्कचा टेकत असेल तर एसएसडी घ्यावी. पैसे वाचतील आणि यंत्रही धावू लागेल.

पण जेथे कार्डाची खरी गरज असते, तेथे ती टाळणेही परवडत नाही. आमच्या डोंबिवलीतल्या शेजाऱ्यांची थोरली मुलगी ॲनिमेशन शिकते. सकाळच्या लोकलने जाते, रात्री आठला परतते, आणि मग ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर कामाला बसते. दहा सेकंदांचा एक प्रसंग म्हणजे सेकंदाला चोवीसप्रमाणे २४० चित्रे. त्यांच्या यंत्राचा प्रोसेसर एका चित्राला तीन मिनिटे घेई, म्हणजे सगळे मिळून बारा तास. सकाळी त्यात एक चूक दिसली की पुन्हा बारा तास. यंत्र हॉलमध्ये, आजीही हॉलमध्येच झोपायच्या. पंखा रात्रभर घोंघावत राही. काम देण्याची तारीख तोंडावर आलेली, आणि वडिलांची समजूत अशी, की ही सारी धाकट्याच्या खेळांची सोय चालली आहे.

"काका, आता तुम्हीच बाबांना सांगा," असे ती मला म्हणाली. मी म्हटले, "सांगतो, पण आधी तू तो बारा तासांचा हिशेब त्यांना कागदावर लिहून दाखव." तिने दाखवला. गृहस्थ काही कंजूष नव्हते. बोनसातले सोळा हजार त्यांनी त्याच रात्री बाजूला काढले. "हे आधी का नाही सांगितलंस, बाळ?" एवढेच म्हणाले.

मग आम्ही बाजारात न जाता कॅबिनेट उघडले. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. त्यांचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, आणि त्याला ती वायरच नव्हती. फूटपट्टीने आतली जागाही मोजली. एवढ्याने निम्मी यादी आपोआप कटली.

उरलेल्यांत नावे फसवी असतात, हे ध्यानात ठेवावे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने जानेवारी २०२२ मध्ये ८ जीबीचे, १३० वॅटचे कार्ड आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ६ जीबीचे, ७० वॅटचे. दुसऱ्यात कारकूनही २५६० वरून २३०४ वर आलेले. जीटी १०३० चेही तसेच: जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ जीबी हलवते, तर डीडीआर४ चे १७ सुद्धा नाही. शिवाय त्या पिढीच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आरएक्स ६४०० अवघ्या ५३ वॅटवर चालते. पण त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोय नाही, आणि पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर त्याची वाट निम्मी अरुंद होते. जीटीएक्स १६५० हे २०१९ चे, साध्या खेळांना अजून चालणारे. मात्र काही कंपन्यांच्या १६५० लाही वेगळी वायर लागते. या दोघांत मेमरी ४ जीबीच, आणि मुलीचे प्रसंग तीत मावणारे नव्हते. सबब ६ जीबीचे ३०५० ठरले.

मध्यंतरी कोणीतरी ८ जीबीचे वापरलेले कार्ड बिलाशिवाय स्वस्तात देऊ केले होते. जुना माल वाईटच असतो असे नाही. पण २०२१ च्या सुमारास इथेरियमच्या नाण्यांपायी असंख्य कार्डे रात्रंदिवस राबली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तो धंदा बंद पडताच ती बाजारात उतरली. म्हणून जुने कार्ड घेताना ते समोर लावून अर्धा तास जोरात चालवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, बिलावरचा सीरियल नंबर कार्डाशी ताडावा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, असेच धरून चालावे.

खरेदीला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालावा, ही रीत अजून चांगलीच आहे. मात्र फरक चारशे-पाचशेचा असेल तर घराजवळचा दुकानदार बरा. कार्ड बिघडले तर रविवार प्रवासात जात नाही.

नव्या कार्डावर एक चित्र अर्ध्या मिनिटात निघू लागले, म्हणजे बारा तासांचे काम दोन तासांवर आले. वडिलांना धास्ती होती विजेच्या बिलाची. पण ७० वॅटचे कार्ड दोन तास चालले तर पाव युनिटसुद्धा जळत नाही, आणि यंत्राचे उरलेले दहा तास वाचतात ते वेगळेच. आजींना झोप लागते आणि धाकट्याला रविवारी दोन तास मिळतात.

तेव्हा वाचकहो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा: काम कोणते आणि त्याला आज किती वेळ लागतो; एसएमपीएसला कोणती वायर आहे; कॅबिनेटमध्ये जागा किती; आणि खर्च कितीच्या वर जाऊ द्यायचा नाही. तो कागद, जो त्या यंत्रावर बसणार आहे त्याच्याच हातून लिहून घ्या, आणि बाजारात जाताना त्यालाही बरोबर न्या.