इतिहासाची फेरतपासणी की पराभवाची डागडुजी?

३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे सायगावच्या अध्यक्षीय प्रासादाचे फाटक मोडून आत शिरले आणि जवळजवळ तीस वर्षांचे युद्ध संपले. अर्थात ते रणांगणावर संपले, एवढेच. विद्यापीठांत, प्रकाशनगृहांत आणि लष्करी प्रशिक्षणशाळांत ते आजही चालू आहे. २०२५ साली त्या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. इतिहास जेत्यांनी लिहावा ही जगाची रीत. व्हिएतनामच्या बाबतीत जगाने वाचला तो मुख्यतः हरलेल्यांनी लिहिलेला इतिहास. तोही एकदा लिहून त्यांचे समाधान झाले नाही. तो पुन्हा पुन्हा लिहिला जात आहे, आणि या पुनर्लेखनाचा एक प्रवाह असा आहे की त्याकडे केवळ विद्वानांचा वाद म्हणून दुर्लक्ष करणे समाजवादी कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

इतिहासाच्या फेरतपासणीला हरकत असण्याचे कारण नाही. दप्तरे खुली होतात, साक्षीदार बोलू लागतात, जुन्या श्रद्धा डळमळतात. त्या डळमळू द्याव्यात. प्रश्न इतकाच की तपासणी नेमकी कशाची चालली आहे?

युद्ध चालू असताना आणि त्यानंतर काही वर्षे अमेरिकेतील बहुसंख्य इतिहासकारांचा निष्कर्ष असा होता की ते युद्ध चुकीचे होते आणि एका वसाहतविरोधी राष्ट्रीय चळवळीचे स्वरूप न समजल्यामुळे ते ओढवले. १९७१ साली डॅनिएल एल्सबर्ग यांनी फोडलेल्या पेंटॅगॉनच्या गुप्त दप्तराने या निष्कर्षाला सरकारच्याच कागदांचा आधार दिला. पुढे वारे फिरले. १९७८ साली ग्युंटर लेवी यांनी अमेरिकेवरील अपराधाचे आरोप खोडून काढण्याचा यत्न केला. १९८० च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी माजी सैनिकांपुढे या युद्धाला उदात्त कार्य ठरविले. १९८२ साली कर्नल हॅरी समर्स यांनी दोष चुकीच्या रणनीतीवर टाकला. १९९९ साली लुइस सॉर्ली यांनी मांडले की १९६८ नंतर युद्ध जवळजवळ जिंकले गेले होते, पण अमेरिकन संसदेने हात आखडता घेतला. २००६ साली मार्क मोयार यांनी दिएम यांना कर्तबगार नेता ठरवून १९६३ च्या नोव्हेंबरात त्यांना पदच्युत होऊ देणे हीच घोडचूक मानली.

या चौघांचे आपसांत पटत नाही. परंतु चौघांच्या लेखनाचा रोख एकाच बाजूला आहे. युद्ध जिंकता आले असते काय, आणि जिंकता आले असते तर कोणामुळे हुकले, हा त्यांच्या लेखी मुख्य प्रश्न. ते कोणत्या अधिकाराने सुरू केले, हा प्रश्न एक तर मागे पडतो किंवा साम्यवादाच्या भयाचे नाव घेऊन मिटविला जातो. दरोडा फसला याची चिकित्सा करताना कुलूप तोडण्याच्या तंत्रावर ग्रंथ लिहावा, आणि घर कोणाचे होते हे विचारू नये, तसा हा प्रकार आहे.

घर कोणाचे होते याचा पुरावा अमेरिकेच्याच कागदांत आहे. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेने सतराव्या अक्षांशावर आखलेली रेषा तात्पुरती होती. जुलै १९५६ मध्ये संपूर्ण देशात निवडणूक व्हायची होती. दिएम यांनी ती नाकारली आणि अमेरिकेने त्यांची पाठ राखली. आयझेनहॉवर यांनी स्वतःच्या आठवणींत नमूद केले आहे की, फ्रेंचांशी लढाई चालू असताना मतदान झाले असते तर कदाचित ८० टक्के लोकांनी बाओ दाई यांच्याऐवजी हो ची मिन्ह यांना मत दिले असते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोन्किनच्या आखातातील दुसऱ्या हल्ल्याचा हवाला देऊन जॉन्सन यांनी युद्धाचा परवाना मिळविला. प्रतिनिधिगृहात त्याविरुद्ध एकही मत पडले नाही, सेनेटमध्ये फक्त दोन पडली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकारानेच काढला, आणि तो २००५ साली खुला झाला. याच्याही आधी, मे १९६४ मध्ये, हे युद्ध लढण्याच्या लायकीचे नाही असे जॉन्सन आपल्या सल्लागाराशी दूरध्वनीवर बोलत होते. त्या संभाषणाच्या ध्वनिफिती आज उपलब्ध आहेत. ज्या युद्धाची लायकी ते सुरू करणाऱ्यालाच पटली नव्हती, ते अधिक चांगले कसे लढता आले असते यावर संशोधन करणे म्हणजे विद्वत्तेचा अपव्यय होय.

मात्र खऱ्या तपासणीचे पाते दुधारी असते. भारत हा जिनिव्हा कराराच्या नियंत्रण आयोगाचा अध्यक्ष होता. जून १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडा यांनी कराराच्या उल्लंघनाचा दोष उत्तर आणि दक्षिण या दोघांवरही ठेवला. पोलंडने त्यास विरोध केला. तो निवाडा तेव्हा डाव्या गोटात अनेकांना रुचला नाही. पुढे दुष्काळाच्या वर्षांत इंदिरा गांधींच्या सरकारने बॉम्बवर्षावावर टीका केली, तेव्हा पी. एल. ४८० खालील गव्हाच्या बोटी महिन्या-महिन्याच्या बोलीने सोडणाऱ्या जॉन्सन यांना ती झोंबली. दोन्ही बाजूंना अप्रिय होणारे सत्य बोलण्याची किंमत पडते, ती अशी.

हीच कसोटी हनोईलाही लावली पाहिजे. १९५३ ते १९५६ या काळातील जमीनसुधारणेत हजारोंना देहदंड देण्यात आला. १९५६ साली पक्षाला जाहीर कबुली द्यावी लागली आणि सरचिटणीस ट्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले. १९६८ साली ह्यू शहर ताब्यात असताना केलेल्या कत्तलीतील प्रेते पुढे सामूहिक खड्ड्यांतून निघाली. लिएन-हांग न्गुयेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसते की सत्तेची सूत्रे ले दुआन यांच्या हाती गेली होती, आणि १९६७ साली वेगळे मत असणाऱ्यांना विनाचौकशी डांबले गेले. विजयानंतर लाखो लोकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत जावे लागले, लाखो होड्यांतून समुद्रावर निघाले आणि त्यांतील कित्येक बुडाले. जगभरातील डाव्यांपैकी पुष्कळांनी या सर्वांविषयी मौन पाळले. साम्राज्यशाहीचा विरोध करताना बंदिवानाची बाजू विसरणारा समाजवाद अर्धामुर्धाच राहतो. शिवाय हे मौन शत्रूच्या पथ्यावर पडते.

ते कसे पडते हे ऑगस्ट २००७ मध्ये दिसले. इराकमधून सैन्य काढू नये यासाठी धाकट्या बुश यांनी माजी सैनिकांपुढे व्हिएतनामचाच दाखला दिला: अमेरिका निघून गेली म्हणून होड्या, छावण्या आणि कंबोडियातील वधस्थळे आली! ज्या गोष्टी डाव्यांनी स्वतः सांगायला हव्या होत्या त्या बुश यांच्या हाती शस्त्र म्हणून गेल्या. त्यांनी जे गाळले तेही सांगितले पाहिजे. कंबोडियावर अमेरिकेने वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले होते. पोल पॉटची राजवट जानेवारी १९७९ मध्ये उलथली ती व्हिएतनामच्या सैन्याने. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा पदच्युत राजवटीकडेच राहावी म्हणून अमेरिका आणि चीन यांनी मते दिली. २००९ साली अफगाणिस्तानात सैन्य वाढविण्याचा विचार चालू असताना सॉर्ली यांचा ग्रंथ लष्करी वर्तुळात आवडीने वाचला जात होता. फेरलिखित इतिहास पुढल्या युद्धाचा दारूगोळा होतो, तो या मार्गाने.

आता जमाखर्च पाहू. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया यांवर ७० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले; दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बच्या दुपटीहून हे अधिक. एकट्या लाओसवर २० लाख टन. त्यांतील कोट्यवधी लहान बॉम्ब फुटलेच नाहीत; १९७५ नंतरच्या शांततेत त्यांनी २० हजारांहून अधिक माणसे मारली वा जायबंदी केली. १९६१ ते १९७१ या काळात सुमारे साडेसात कोटी लिटर वनस्पतिनाशके फवारली गेली. त्यांच्या विषाची बाधा झाल्याच्या दाव्यांपोटी रसायन कंपन्यांनी १९८४ साली अमेरिकन सैनिकांसाठी १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. व्हिएतनामी पीडितांचा दावा अमेरिकेच्या न्यायालयाने २००५ साली फेटाळला. १९७३ च्या फेब्रुवारीत निक्सन यांनी पुनर्रचनेसाठी सुमारे ३२५ कोटी डॉलरच्या मदतीचे पत्र दिले होते. हनोईने करार मोडला असे कारण देऊन ती मदत दिली गेली नाही; करार दोन्ही बाजूंनी मोडला होता. उलट १९९७ साली, निर्बंध उठल्यानंतर, व्हिएतनामने सायगाव सरकारची सुमारे १४.५ कोटी डॉलरची देणी फेडण्याचे मान्य केले. ज्या सरकारशी लढताना देश होरपळला त्याचेच कर्ज त्या देशाने फेडले! त्यातील काही रक्कम पुढे व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळविण्यात आली हे खरे. पण हिशेबाची दिशा त्यामुळे बदलत नाही.

अमेरिकन राज्यकर्त्यांनी या युद्धातून धडा घेतलाच नाही असे मात्र नाही. जॉन्सन यांनी करवाढ १९६८ पर्यंत लांबविली, महागाई भडकली, आणि ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरचा सोन्याशी संबंध तुटला. त्यास युद्ध हे एकच कारण नसले तरी मोठे कारण होते. सक्तीच्या लष्करभरतीमुळे मध्यमवर्गीय घरे रस्त्यावर आली. १९७३ साली ती भरती बंद झाली. पुढील युद्धे पगारी सैन्याने आणि कर्जाऊ पैशाने लढली गेली. इराकवरील स्वारीच्या वर्षी, २००३ साली, कर वाढण्याऐवजी कमी झाले. अफगाणिस्तानातील युद्ध वीस वर्षे चालले आणि महाविद्यालये शांत राहिली. युद्ध करू नये, हा धडा शिकला गेला नाही. युद्धाची झळ मतदाराच्या घरात पोहोचू देऊ नये, हा शिकला गेला. व्हिएतनामचा सर्वांत टिकाऊ वारसा हाच आहे.

वॉशिंग्टनमधील स्मारकभिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. मेलेला प्रत्येक सैनिक कोणाचा तरी मुलगा होता. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली जाहीर केलेल्या अंदाजानुसार तेथे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मेले. त्यात दक्षिणेचे सैनिक धरलेले नाहीत. त्यांच्या थडग्यांची निगा राखण्याची परवानगीही त्यांच्या कुटुंबांना दीर्घकाळ सहज मिळाली नाही.

म्हणून युद्धाचा नवा इतिहास हाती आला की कार्यकर्त्याने लेखकाचा रंग पाहण्याआधी त्याचा प्रश्न पाहावा. युद्धाचा निर्णय कोणी घेतला, तो कोणापासून लपविला, किंमत कोणी मोजली आणि अजून कोण मोजत आहे, याचा शोध जो ग्रंथ दोन्ही बाजूंच्या दप्तरांत घेतो तो आपल्या श्रद्धांना कितीही टोचला तरी वाचावा, अभ्यासवर्गात त्याची चर्चा करावी. युद्ध कसे जिंकता आले असते एवढेच जो सांगतो, त्याचा वाचक इतिहासाच्या वर्गात बसलेला नसतो. तो कोठे तरी नकाशा उलगडून बसलेला असतो. तो नकाशा कोणत्या देशाचा आहे, याची चौकशी वेळीच केली पाहिजे.