धूर बघून इंजिन उतरवू नका



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. तरी वाचा, कारण शेवटी ती पिकावरच येणार आहे.

डिसेंबरातली पहाट. या दिवसांत राजूरला काय थंडी असते ते इकडच्यांना सांगायला नको. ओट्यावरचा थर्मामीटर 9 दाखवत होता. टोमॅटोचे क्रेट रात्रीच गाडीत भरून ठेवलेले. सेल मारला, इंजिन दोनदा मेलं, तिसऱ्यांदा लंगडत लंगडत चालू झालं आणि अख्खं अंगण पांढरं. गोठ्यातली जनावरं दावं ताणायला लागली. आई आतून खोकत ओरडली, "आरं, बंद कर ते धुराडं!" चार-पाच मिनिटांत धूर आपोआप विरला, इंजिन सरळ झालं. विठे घाट उतरून अकोल्याला गेलो, दिवसभर गाडीने हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडाभर तेच.

गाडी 2003 ची डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. गॅरेजला नेली तोवर ती गरम झालेली. मिस्त्रीने एकदा रेस केली, सायलेन्सरकडे बघितलं, माझ्याकडून सकाळच्या धुराचं ऐकलं आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या. बोअरला आलीय. इंजिन उतरवावं लागंल, 45 हजार धरा."

ना मीटर लावला, ना गेज लावला, ना ऑइलचं झाकण उघडलं. आणि खरं सांगतो, मी चावी देणारच होतो.

म्हणून आज जरा कडक लिहितो. नुसता धूर बघून इंजिन उतरवायला सांगणारा चुकतो, आणि एक प्रश्न न विचारता चावी देणारा त्याहून जास्त चुकतो. 45 हजार म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचा एका हंगामाचा नफा. तो कुणाच्या अंदाजावर घालवायचा?

आधी धूर येतो का, ते समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. या जुन्या इंजिनांत हवा साधारण 20 ते 22 पट दाबली जाते. दाबलेली हवा तापते, त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तेच हे. थंडीत अडचण अशी की हेड, ब्लॉक, पिस्टन सगळं गार पडलेलं असतं आणि हवेची उष्णता ते लोखंडच पिऊन टाकतं. म्हणून सुमो, इंडिका यांच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला आहे. सेल मारायच्या आधी काही सेकंद तो लालबुंद होतो आणि पहिल्या फवाऱ्याला आधार देतो. हा आधार मिळाला नाही की डिझेल अर्धवट जळतं, उरलेलं धुक्यासारखं बाहेर पडतं. इंजिन तापलं की धूर गायब. नुसती गेलेली रिंग इंजिन तापलं म्हणून दिवसभर गप्प बसत नाही. मग दिवसभर चांगली चालणाऱ्या गाडीत पहिला संशय रिंगांवर कसा घ्यायचा?

आता रंग. आपण शेतकरी लोक, रंग वाचायला आपल्याला कुणी शिकवायला नको. भात पिवळा पडला की जाणता कृषी सहायक आधी विचारतो, खालचं जुनं पान की वरचं नवं? जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र, नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोह. पिवळा एकच, औषध वेगळं. धुराचंही तसंच.

पांढरा धूर, डोळ्याला झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास, गरम झाल्यावर जातो: न जळालेलं डिझेल. हीटर प्लग, बॅटरी, लायनीतली हवा, नोझल, टायमिंग, यांतलं काहीतरी.

पांढरा धूर, पण इंजिन गरम झाल्यावरही चालू आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी: हेड गॅस्केट किंवा हेड. कूलंट असेल तर गोडसर वास येतो. नुसतं पाणी घालत असाल तर वास येणार नाही, म्हणून पातळीवर नजर ठेवा. इथे मात्र थांबू नका, अशी गाडी पळवू नका.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी एकच भपकारा आणि परत घाट उतरून पायथ्याला पाय दिला की एक भपकारा, तर व्हॉल्व्हचे सील. सारखा निळा, चढाला वाढतो, ऑइल कमी होतं आणि चालू इंजिनात ऑइलचं झाकण काढल्यावर जोरात मारा येतो, तर मग रिंगांचं बोला.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर आधी बघा, मग नोझल आणि पंप.

आता तपासणी. नियम एकच, फुकटाच्या कामापासून सुरुवात करायची आणि महागाकडे जायचं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं.

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मल्टीमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. सेल मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी, तिच्या वायरी, अर्थिंग आणि सेल्फ बघा. इंजिन सावकाश फिरलं की हवा नीट तापतच नाही आणि धूर होतो. कित्येकदा रोग इथेच सापडतो.

दुसरा हीटर प्लग. इथे सगळे फसतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असं आपण समजतो. जुन्या गाड्यांत तो दिवा बहुतेक टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो. म्हणून प्लगच तपासा. चार प्लगना जोडणारी पट्टी सोडा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर मेला. मग पट्टी परत जोडून, चावी चालू करून पट्टीवर व्होल्टेज मोजा. करंट येतच नसेल तर रिले, फ्यूज, वायर. प्लग काढायचा असेल तर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून, हळू. जोर केला तर प्लग हेडमध्येच तुटतो आणि मग खरंच हेड उतरवायची पाळी येते.

तिसरी लायनीतली हवा. सकाळी सेल मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप मारून बघा. पंप मारून गाडी पटकन लागत असेल तर रात्रीतून डिझेल टाकीकडे मागे सरकतंय. कुठेतरी क्लिप सैल आहे, पाइप चिरलाय किंवा वॉशर गेलाय. त्याच वेळी फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल करून साचलेलं पाणीही काढून टाका.

चौथे नोझल. ते काढून पंपवाल्याकडच्या टेस्टरवर मारून घ्या. बारीक फवारा हवा, थेंब गळता कामा नये. चालू इंजिनात नोझलचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर मिस आहे ते बघायची जुनी पद्धत जाणत्या माणसाने जुन्या इंजिनावरच वापरावी. नव्या कॉमनरेल गाडीत हे चुकूनही करू नका. त्यातल्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं, बोट कापायची वेळ येते.

पाचवं टायमिंग, विशेषतः नुकताच बेल्ट बदलला असेल किंवा पंप उतरवला असेल तर.

आणि सगळ्यात शेवटी, पण इंजिन उघडायच्या आधी, कॉम्प्रेशन. डिझेलचा वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. आकडा किती आहे याइतकंच चौघांत फरक किती आहे हेही महत्त्वाचं. आकडे पडलेले असतील, ऑइलच्या झाकणातून मारा असेल, तर खुशाल इंजिन उतरवा. मी पण उतरवीन. माझं भांडण इंजिनच्या कामाशी नाही, ते अंदाजाने करण्याशी आहे.

माझ्या गाडीत काय निघालं? 4 पैकी 2 प्लग मेलेले, तिसऱ्यापाशी पट्टी गंजून सुटलेली. म्हणजे थंडीत गाडी एका प्लगवर उठत होती. चारही नवीन टाकले, पट्टी घासून बसवली, 1,800 रुपयांत काम झालं. आता पहाटे पहिल्या सेलला लागते. थोडी वाफ निघते, ती थंडीत निघणारच. आईने अजून एकदाही ओरडा केलेला नाही.

खरं म्हणजे हे मला आधी सुचायला हवं होतं. वडील प्रवरेच्या काठावर ऑइल इंजिन चालवायचे. हँडल मारताना डिकॉम्प्रेशनचा खटका वर, वेग आला की खाली. नोझलचा आवाज कानाने ऐकायचे. तो आला नाही तर हवा धरलीय म्हणायचे, नट सैल करून हवा काढायचे, परत हँडल. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिन उघडायच्या आधी दहा गोष्टी बघायचे. आपण शिकलो आणि चावी दुसऱ्याच्या हातात देऊन टपरीवर चहा प्यायला लागलो.

त्यात आपले जुगाड वेगळे. एअर फिल्टरच्या नळीत ईथरचा स्प्रे मारतात. लाल झालेल्या प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो, पिस्टन आणि रिंगा फोडतो. म्हणजे जो रोग नव्हता तो लावून घ्यायचा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलने तो कोरडा घासतो. ऑइल चेंबरखाली शेकोटी करणारेही मी बघितलेत, त्यांना फक्त हात जोडतो. आणि चालू झाल्या झाल्या धूर घालवायला भसाभसा रेस मारणारे तर घरोघरी आहेत. ऑइल अजून वर पोचलेलं नसतं हो!

"पीयूसी पास आहे, मग गाडी ठीक" असंही म्हणू नका. ती तपासणी गरम इंजिनावर होते. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा 65 हार्ट्रिजची आहे. पहाटे अंगणात काय होतं ते त्या कागदाला कळत नाही.

जुनी गाडी घेतानाही तेच. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात आपण बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. आणि गाडी घेताना मालकाने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनावर भाळतो. सकाळी न सांगता जा, बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर उद्या येतो म्हणा.

आता मिस्त्रीची बाजू, कारण तीही खरी आहे. एका जाणत्या मिस्त्रीशी या विषयावर बोललो. तो म्हणाला, "दादा, तपासण्यात माझा अर्धा दिवस जातो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे? इंजिन खोललं की मात्र कुणी हुज्जत घालत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला खोलायची सवय आपणच लावली. माती परीक्षणाचे पैसे द्यायला आपल्या जिवावर येतं आणि दुकानदाराने पुढे ठेवलेल्या तीन बाटल्या मुकाट घेऊन येतो, त्यातलीच ही गत. कृषीवाल्या मित्रांनो, हे तुम्हालाही लागू आहे. शेतावर न येता फोनवरच्या एका फोटोवरून औषध लिहून देता, तेव्हा तुम्हीही धूर बघूनच इंजिन उतरवत असता.

म्हणून एवढंच करा. सकाळच्या पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ मागून काढा, रंग नीट दिसू द्या. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावा, म्हणजे मिस्त्रीला ती गार मिळेल. तपासणीचे पैसे आधी ठरवा आणि हसत द्या. आणि कुणी इंजिन उतरवा म्हणालं तर एकच प्रश्न विचारा, "चार सिलिंडरचे आकडे किती आले?"

आकडे सांगितले तर बसून बोला. नाही सांगितले तर चावी खिशात घाला आणि घरी या.