स्कॅन झाले, वाचणार कोण?

'डिजिटल मानव्यविद्या' हा शब्द आता विद्यापीठांच्या परिपत्रकांतही रुळला आहे. सुरुवात कुठून करायची, असे विचारले की उत्तर ठरलेले: स्कॅनर घ्या, सॉफ्टवेअर शिका. हे उत्तर उलटे आहे, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला ते महाग पडणार आहे.

जबलपूरचेच घ्या. 1781 मध्ये इथे सागरच्या मराठ्यांचा अंमल आला, 1798 मध्ये मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे 1861 पासून 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदले. प्रांत तुटला आणि इथल्या मराठी कागदांना वाली उरला नाही. महाराष्ट्राला ते परप्रांतातले, मध्य प्रदेशाला परभाषेतले.

गोरखपूरच्या एखाद्या मराठी घरात पणजोबांचे मोडी दप्तर निघाले, तर पणतू काय करील? मोबाइलवर फोटो काढील. भाषा त्याची, पण लिपी त्याला येत नाही. फोटो शोधता येत नाही, उद्धृत करता येत नाही. तो फक्त वाळवीपासून वाचलेला कागद आहे.

'पुढे यंत्रच मोडी वाचील,' असे सांगितले जाते. वाचीलही. पण यंत्र शिकते माणसाने आधी वाचून दिलेल्या ओळींवरून. त्या ओळी कोण देणार? 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. वाचक मिळाले नाहीत. राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा संगणक नव्हता. वाचणे, नकलणे, कागद कुठे मिळाला ते टिपणे, हेच काम होते. आजही पहिली पायरी तीच आहे.

म्हणून आधी मोडी शिका. मग एकच पत्र घ्या. ते देवनागरीत, युनिकोडमध्ये उतरवा. जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर शोधात सापडत नाही. न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नका, तिथे खूण करा. एका तक्त्यात गाव, लिहिणारा, मूळ कागदाचा ठिकाणा आणि मूळ तारीख नोंदवा. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. फसलीचा हिशेब वेगळा. ही माहिती स्कॅनर देत नाही.

महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी मोडीच्या वर्गाला द्यावी. खर्च खडू-फळ्याचा आहे. वाचता येणारी माणसे आज थोडी आहेत. ती गेल्यावर स्कॅनर कितीही महागाचा आणला, तरी उपयोग नाही.